शिकवायला परदेशी निघालात? आधी पुस्तकाचा फोटो मागवा

कपडे, चार्जर, औषधं घरचे सांगतीलच. पासपोर्टची मुदत मात्र पोचण्याच्या तारखेपुढे सहा महिने तरी उरलेली असू द्या, बरेच देश त्याशिवाय आत घेत नाहीत. व्हिसाबद्दल गाफील राहू नका. "पगार कुठे घेताय, टुरिस्ट व्हिसा चालतो" असं तुम्हाला स्वयंसेवक म्हणून पाठवणाऱ्या संस्थेतलं कुणी म्हणालं तरी त्या देशाच्या वकिलातीला लेखी विचारा. कित्येक देश बिनपगारी शिकवणंही कामच धरतात. सापडलात तर परत पाठवतील ते तुम्हाला, संस्थेला नाही.

आता मी विसरले ते. शाळेला विचारा: इयत्ता कोणती, पट किती, पाठ्यपुस्तक कोणतं, मुलं कितव्या धड्यावर आहेत. पुस्तकाच्या चार पानांचे फोटो मागवा. मी मागवले नाहीत. "दहा-अकरा वर्षांची मुलं" एवढ्यावर विसंबून गोष्टी, चित्रांची कार्डं आणि वीस वर्कशीट घेऊन गेले. वर्गात ५४ मुलं. "हाऊ आर यू?" म्हटल्यावर सगळा वर्ग एका सुरात, "आय ॲम फाइन, थँक्यू, अँड यू?" मी खूश. मग पहिल्या बाकावरच्या मुलीला तिचं नाव विचारलं. ती म्हणाली, "आय ॲम फाइन, थँक्यू." वर्कशीट त्याच दिवशी बॅगेत परत गेली. त्यांच्या बाईंना परीक्षेआधी सहावा धडा संपवायचा होता आणि मी फळ्यावर कोल्हा काढत बसले होते.

म्हणून फोटो. समन्वयक म्हणेल, "गेल्यावर कळेलच." ऐकू नका, वर्गशिक्षकांचा नंबर घ्या आणि फोटो मागवा.

मुलांसोबत काम म्हटल्यावर पोलिसांचा दाखला बहुतेक मागतातच. त्याला अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा, परदेशात दाखवायचा सरकारी शिक्का) चालेल की नाही तेही विचारा. १९६१च्या हेग करारात नसलेल्या देशांना तो चालत नाही, वकिलातीकडून साक्षांकन करून घ्यावं लागतं. यात आठवडे जातात. लसींचंही तेच: रेबीजच्या प्रतिबंधक लसीचे एकाहून जास्त डोस असतात, यलो फीवरचा दाखला लस टोचल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य धरतात. १२० तासांचा टेफल (परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा) कोर्स केलात तर उत्तम, पण त्यात खऱ्या वर्गापुढे उभं राहायला मिळतं का ते बघून पैसे भरा.

त्यांच्या भाषेतले वीस शब्द पाठ करा: बसा, ऐका, पुन्हा, शाब्बास असले. "कळलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. करून दाखवायला सांगा. वीज असेल, प्रिंटर असेल असं धरून चालू नका; खडू आणि फळा यांवर निभेल असे पाच तास तयार ठेवा. परवानगीशिवाय मुलांचे फोटो काढायचे नाहीत.

विमा, ॲडॉप्टर, थोडी रोख. झालं. पुस्तकाचे फोटो आले का? नाही? मग आज पुन्हा मेसेज टाका.