नागपूरहून गाडीने नेपाळला: सीमानाका कसा निवडावा आणि रांग कशी टाळावी

स्वतःच्या गाडीने लुंबिनीला किंवा पोखऱ्याला जायचे आहे असे नागपुरात कुणाला सांगितले, की ‘सोनौलीच्या नाक्यावरून जा, सगळे तिथूनच जातात’ असे उत्तर हमखास मिळते. हा सल्ला अर्धवट आहे, आणि या अर्धवट सल्ल्याच्या भरवशावर गेल्यामुळे पहिल्या खेपेला माझे साडेचार तास सीमेच्या अलीकडेच गेले. त्यानंतर मी हा प्रवास सात वेळा केला, तीन वेगवेगळ्या नाक्यांवरून केला, आणि आता दीड तासापेक्षा जास्त वेळ लागला तर मला स्वतःचीच काहीतरी चूक झाली असे वाटते.

गाडीची सर्व्हिसिंग, टायर आणि गाडी लागणाऱ्यांसाठी गोळ्या यांविषयी येथे काही लिहीत नाही. कागदपत्रांबाबत मात्र तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ओळखपत्र म्हणून प्रत्येक प्रौढ व्यक्तीजवळ पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मूळ स्वरूपात असावे. आधार कार्डावर विसंबून राहू नये. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल, मग तो सख्खा भाऊ का असेना, तर त्याचे सहीचे संमतीपत्र सोबत ठेवावे. विमा कंपनीकडे नेपाळपुरती भौगोलिक व्याप्ती वाढवून मागता येते, ती निघण्यापूर्वी लेखी घ्यावी.

पहिली पायरी म्हणजे नाका निवडणे. येथे बहुतेकांची चूक अशी होते, की ते नागपूरहून जवळ काय आहे हे पाहतात. मनसर, खवासा, सिवनी, जबलपूर, रीवा, प्रयागराज, गोरखपूर असा सुमारे हजार किलोमीटरचा प्रवास केल्यानंतर शेवटच्या पन्नास-साठ किलोमीटरच्या फरकाला काही अर्थ उरत नाही. सीमेपलीकडे पहिला मुक्काम कोठे आहे, यावरून नाका ठरवावा. लुंबिनी, पाल्पा, पोखरा किंवा चितवन असेल तर सोनौली योग्यच आहे. पलीकडच्या बाजूला त्याच ठिकाणाला बेलहिया म्हणतात आणि त्यापुढे भैरहवा लागते. थेट काठमांडूला जायचे असेल तर रक्सौल-वीरगंज सुचवले जाते. तथापि हा नेपाळच्या मालवाहतुकीचा मुख्य मार्ग आहे, आणि एकात्मिक तपासणी नाका झाल्यानंतर ट्रक बरेचसे बाजूला गेले असले तरी रक्सौल शहर ओलांडण्यातच जीव मेटाकुटीला येतो. नागपूरकरांना तो आडवळणाचाही पडतो, त्यामुळे काठमांडूसाठीसुद्धा मी सोनौलीच पसंत करतो. बर्दिया किंवा पश्चिम नेपाळ पाहायचे असेल तर लखनौ-बहराइचमार्गे रुपईडीहा-नेपाळगंज उत्तम.

आता राहिले लहान नाके. भारत-नेपाळ सीमा सुमारे १,७५१ किलोमीटर लांब आणि दोन्ही देशांच्या नागरिकांसाठी खुली असल्यामुळे नकाशावर ओलांडण्याच्या जागा असंख्य दिसतात, आणि मोबाइलमधला नकाशा तर कधीकधी शेताच्या बांधावरूनही रस्ता दाखवतो. माणूस ओलांडू शकतो म्हणून गाडी नेपाळमध्ये नेण्याचा परवाना तेथे मिळेलच असे नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे. लुंबिनीला नकाशावर सर्वांत जवळ दिसणाऱ्या ककरहवासारख्या ठिकाणी, आगाऊ चौकशी न करता केवळ अंतर पाहून जाऊ नये. श्रावस्ती करून येत असाल तर बढनी-कृष्णनगर हा नाका मला फार सोयीचा वाटला. तेथून तिलौराकोट (प्राचीन कपिलवस्तू मानले जाणारे ठिकाण) पाहून लुंबिनीला जाता येते आणि सोनौलीची गर्दी पूर्णपणे टळते. सोनौलीला काही कारणाने तोबा गर्दी असल्याचे गोरखपुरातच कळले तर ठूठीबारी-महेशपूर हा पर्याय आहे. मात्र सोबत परदेशी पासपोर्ट असलेला कुणी असेल, आणि आजकाल अमेरिकेतून आलेला मुलगा किंवा सून सोबत असतेच, तर लहान नाक्यांचा विचारही करू नये, कारण त्यांना व्हिसा आणि शिक्के लागतात आणि ती सोय मोजक्याच मोठ्या नाक्यांवर आहे.

दुसरी पायरी तारखेची. नागपूरकरांची अडचण अशी, की आपल्याला सवड मिळते ती दसरा-दिवाळीत. अशोक विजयादशमीचा दीक्षाभूमीवरचा सोहळा आटोपून लगेच लुंबिनीला निघावे असे अनेक कुटुंबांना वाटते, आणि नेमका तोच काळ नेपाळच्या दशैंचा असतो. घटस्थापनेपासून कोजागिरी पौर्णिमेपर्यंत चालणारा हा त्यांचा सर्वांत मोठा सण आहे, आणि दिल्ली-मुंबईत काम करणारे नेपाळी लोक सणासाठी याच नाक्यांवरून घरी जातात. पाठोपाठ दिवाळीच्या दिवसांतला तिहार आणि मग छठ येतो. माझा स्पष्ट सल्ला असा आहे, की कोजागिरी झाल्यावर निघावे आणि दिवाळीपूर्वी परतावे. त्या दिवसांत घरी जाणाऱ्यांचा लोंढा ओसरलेला असतो आणि हवाही स्वच्छ असते. ते जमत नसेल तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध पाहावा. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आधीचे दिवस टाळावेत, कारण तपासणी कडक असते. भारताच्या सीमावर्ती जिल्ह्यांत किंवा नेपाळमध्ये मतदान असेल तर दोन-तीन दिवस आधीपासून सीमा बंद ठेवतात, म्हणून निवडणुकीच्या तारखा पाहिल्याशिवाय हॉटेलचे पैसे भरू नयेत. शनिवार ही नेपाळची साप्ताहिक सुट्टी असल्यामुळे पलीकडची मंडळी बाजारासाठी अलीकडे येतात. तो दिवसही शक्यतो टाळावा.

तिसरी पायरी, आदल्या रात्रीचा मुक्काम. सोनौलीहून काही किलोमीटर अलीकडे नौतनवा आहे, तेथे साधी हॉटेले मिळतात. गोरखपूर अधिक सोयीचे असले तरी ते सुमारे शंभर किलोमीटरवर आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत तराईत इतके दाट धुके पडते, की पहाटे चारला तेथून निघणे हा निव्वळ वेडेपणा ठरतो. मी सकाळी साडेसहाला नाक्यावर असतो. कुशीनगरहून येणाऱ्या परदेशी बौद्ध यात्रेकरूंच्या बस नाश्ता करून निघतात आणि दुपारच्या आत नाक्यावर येऊन थडकतात. प्रत्येक बसमधील चाळीस-पन्नास जणांच्या पासपोर्टवर शिक्के मारून होईपर्यंत ती बस त्या अरुंद रस्त्यावर उभी असते, आणि मागे तुम्ही. नेपाळची घड्याळे आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे आहेत. सकाळी याचा फायदाच होतो.

यानंतरचा टप्पा केवळ दोन किलोमीटरचा आहे, पण माझी फजिती येथेच झाली होती, म्हणून तो सविस्तर लिहितो.

नौतनवा सोडल्यावर रस्त्याच्या डाव्या अंगाला ट्रकांची रांग सुरू होते आणि ती दूरवर जाते. पहिल्या वेळी मी इमानदारीने त्या रांगेच्या शेवटी गाडी उभी केली, इंजिन बंद केले आणि घरून आणलेला चिवडा काढला. दोन तासांत आम्ही फार तर तीनशे मीटर सरकलो असू. शेवटी शेजारच्या टपरीवरच्या चहावाल्याने माझ्या गाडीवरची एमएच ३१ ही अक्षरे वाचली आणि हसून विचारले, की तुम्ही माल घेऊन चालला आहात काय. ती रांग मालवाहू गाड्यांची होती. त्यांची कागदपत्रे, तपासणी आणि शुल्क हा सगळा वेगळा व्यवहार आहे आणि त्याचा खासगी गाडीशी काही संबंध नाही. खासगी गाडीने उजव्या बाजूने, समोरून येणाऱ्या वाहनांना वाट देत, सावकाश पुढे जायचे असते. आपल्याकडे रांग मोडणे असभ्य मानतात म्हणून संकोच वाटतो, पण येथे तो संकोच ठेवू नये. मोबाइलच्या नकाशावर हा भाग लालभडक दिसतो, तोही बहुधा उभ्या ट्रकांमुळेच, त्यामुळे त्या रंगाकडे पाहून नाका बदलू नये.

भारतीय बाजूला सशस्त्र सीमा बलाचे जवान ओळखपत्र पाहतात, कधी डिकी उघडायला सांगतात, आणि सोडतात. मग कमान ओलांडून गाडी नेपाळमध्ये शिरते, आणि गोंधळ येथून सुरू होतो. गाडीचा परवाना जेथे मिळतो ते कार्यालय कमानीच्या पलीकडे आहे, म्हणजे परवाना घेण्यासाठी परवान्याशिवायच काही मीटर आत जावे लागते. पहिल्या वेळी मी ‘कागद नसताना आत कसे जायचे’ म्हणून कमानीतच थांबलो आणि मागच्या पन्नास वाहनांच्या शिव्या खाल्ल्या. आत जाऊन पोलीस दाखवतील तेथे गाडी कडेला लावावी, एकाने गाडीत बसावे आणि गाडीमालकाने कागद घेऊन खिडकीवर जावे. पाट्या देवनागरीत असल्यामुळे आपल्याला वाचता येतात, ही मोठीच सोय आहे: ‘भन्सार’ म्हणजे सीमाशुल्क, ‘अध्यागमन’ म्हणजे परदेशी नागरिकांच्या व्हिसाचे कार्यालय, आणि ‘यातायात’ म्हणजे वाहतूक परवाना. भारतीय पासपोर्टवाल्यांनी अध्यागमनाच्या रांगेत उभे राहण्याचे कारण नाही.

गाडी थांबताच दोन-तीन तरुण खिडकीशी येतील आणि ‘कागद द्या, पाच मिनिटांत करून देतो’ म्हणतील. कागद देऊ नका. मला नाही म्हणता आले नाही, आणि त्या मुलाने मी पाच दिवस सांगितले असताना तीन दिवसांचीच पावती आणून दिली, वर पैसे पाच दिवसांचे घेतले. पावतीवरच्या तारखा विक्रम संवताच्या होत्या, त्यामुळे ही चूक मला पोखऱ्यात चौथ्या दिवशी, रस्त्यावरच्या पोलिसाने अडवल्यावर कळली. मुदत उलटलेल्या गाडीला दंड होतो, आणि तो मी मुकाट्याने भरला. म्हणून अर्ज स्वतः भरावा, आणि पावती हातात पडताच, खिडकी सोडण्यापूर्वी, गाडीचा क्रमांक, दिवसांची संख्या आणि शेवटची तारीख तपासावी. संवताची तारीख समजत नसेल तर तेथेच विचारावे. इंग्रजी तारीख सांगायला कुणी नाही म्हणत नाही.

दिवस मोजताना प्रवेशाचा दिवसही धरतात, मग तुम्ही सकाळी सातला आत जा की संध्याकाळी सातला. संध्याकाळी सीमा ओलांडण्याचा हट्ट करणाऱ्यांना मी हेच सांगतो, की एका दिवसाचे शुल्क भरून तुम्ही फक्त भैरहव्यात झोपणार आहात. आखलेल्या दिवसांपेक्षा एक दिवस जास्तीचा मागावा. बुटवल ते पाल्पा किंवा नारायणगढ ते मुग्लिन या घाटरस्त्यांवर दरड कोसळली तर दिवस कसा जातो ते कळत नाही, आणि एका दिवसाचे शुल्क दंडाच्या मानाने किरकोळ आहे. जाताना एक आणि येताना दुसरा नाका घ्यायचा असेल तर ते अर्ज भरतानाच सांगावे. शुल्कासाठी भारतीय शंभराच्या नोटा न्याव्यात. मोठ्या नोटांचे नियम बदलत आले आहेत, आणि खिडकीवर त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. भारतीय शंभर म्हणजे नेपाळी एकशे साठ, हा दर ठरलेला असल्यामुळे हिशेब तोंडी होतो. भन्सारची पावती आणि यातायातचा परवाना असे दोन्ही कागद घेतल्याशिवाय गाडी हलवू नये. घाईत दुसरा कागद राहून जातो आणि पुढच्याच चौकीवरून परत यावे लागते.

परतीच्या प्रवासात आदली रात्र लुंबिनी किंवा भैरहव्यात काढून सकाळी लवकर निघावे, कारण संध्याकाळी दिवसभराची बाजारहाट करून परतणाऱ्यांची गर्दी असते. बाहेर पडताना भन्सारवर पावती दाखवून नोंद करून घ्यावी. त्या पावतीचा फोटो मात्र मोबाइलमध्ये जपून ठेवावा, कारण भारतीय खासगी गाडीला नेपाळमध्ये एका आर्थिक वर्षात एकूण ३० दिवसच राहता येते आणि त्यांचे आर्थिक वर्ष जुलैच्या मध्यावर, त्यांच्या श्रावण महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू होते. दिवाळीपूर्वी आठ दिवस जाऊन आलात आणि पुन्हा बुद्धपौर्णिमेला लुंबिनीला निघालात, तर ते आठ दिवस त्याच वर्षाच्या हिशेबात धरले जातात.