स्वस्त गोळी की महाग? .२२ ची तुलना करताना या चुका टाळा

पाच गोळ्या स्वस्त डब्यातल्या, पाच महागातल्या, दोन टार्गेटं शेजारी ठेवून मोबाइलवर फोटो, की झाली तुलना. .२२ रायफलच्या रेंजवर हा प्रयोग सतत कुणीतरी करत असतं. त्यात मोजला जातो तो वारा, नाहीतर बॅरलमध्ये (नळीत) गोळ्यांनी सोडलेलं मेण. गोळी राहते बाजूला.

पाच गोळ्यांवर निकाल लावणं

एकाच डब्यातल्या गोळ्यांचे पाच-पाचचे दोन ग्रूप (टार्गेटवरच्या भोकांचे पुंजके) काढा. एक १२ मिमीचा आणि दुसरा २० मिमीचा निघाला तरी त्यात नवल काही नाही, इतका नशिबाचा खेळ पाच गोळ्यांत असतो. मग दोन वेगळ्या डब्यांत तेवढाच फरक दिसला तर आनंद कसला? आणखी एक घोळ म्हणजे पाचाचा ग्रूप दहाच्या ग्रूपशी ताडणं. गोळी तीच असली तरी दहाचा ग्रूप सरासरीने सव्वापट मोठा येतो.

प्रत्येक लॉटच्या (एकाच खेपेत बनलेल्या) किमान ४० गोळ्या, दहा-दहाच्या चार टार्गेटांवर. यापेक्षा कमीत ज्याला उत्तर हवंय त्याने नाणं उडवावं, गोळ्या तरी वाचतील.

मापही एकच धरा. काही जण भोकांच्या बाहेरच्या कडा मोजतात, काही जण केंद्र ते केंद्र. दोन्हींत एका गोळीच्या जाडीचा, म्हणजे ५.६ मिमीचा फरक पडतो. ५० मीटरच्या टार्गेटवर (स्वप्निल कुसाळेचं पॅरिसचं कांस्य याच अंतरावरचं) दहा गुणांचा गोल १०.४ मिमीचा असतो आणि रेषेला शिवलेली गोळी दहाच धरतात. म्हणजे केंद्र ते केंद्र १६ मिमीचा ग्रूप, नीट मधोमध बसला तर, अख्खा दहात मावतो. तुमची गोळी रेस्टवरून (रायफल टेकवून) तेवढं देत असेल तर प्रोनमधल्या (पालथं पडून मारलेल्या) आठाचं खापर तिच्यावर फोडू नका.

डबा बदलला, बॅरल तसंच

ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण ती चूक आहे हे कळतच नाही. प्रत्येक कंपनीचं मेण आणि ग्रीस वेगळं. गोळी बदलली की बॅरलमध्ये आधीच्या गोळीचा थर असतो आणि नवी गोळी त्यावरून धावते. पहिल्या दहा-पंधरा गोळ्या इकडेतिकडे जातात, मग हळूहळू ग्रूप आवळतो.

रेंजवर हे प्रकरण ठरलेल्या पद्धतीने घडतं. सकाळी आठला वारा पडलेला, स्वस्त गोळीच्या दोनशे झालेल्या, बॅरल तिला सरावलेलं. ग्रूप छान. साडेदहाला मित्राकडून महाग गोळीचा एकच डबा येतो. झेंडे हलू लागलेत. त्याच बॅरलमधून लगेच दहा गोळ्या, त्यातल्या तीन बाहेर. निकाल जाहीर: महाग गोळी म्हणजे लूट! त्या जोरावर स्वस्तातल्या पाच हजार गोळ्यांची पेटी मागवली जाते, ती येते दुसऱ्याच लॉटची, आणि महिनाभर गडी नेमाची साइट फिरवत बसतो.

आमचा शिरस्ता असा: बॅरल चेंबरच्या (गोळी भरायच्या) बाजूने, बोअर गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी) लावून पुसायचं. मझलकडून (बॅरलच्या तोंडाकडून) रॉड घालू नये, क्राउन (तोंडाची कड) घासला की कुठलीही गोळी वाचवत नाही. मग नव्या गोळीच्या १५ ते २० न मोजता मातीच्या बांधात, त्यानंतर मोजणीच्या. क्रमही स्वस्त, महाग, महाग, स्वस्त असा, म्हणजे वाऱ्याचा आणि थकव्याचा भार एकीवरच पडत नाही. मध्ये पुसणं आणि न मोजलेल्या गोळ्या आल्याच. कंटाळवाणं आहे, पण याला पळवाट नाही.

ब्रँड पाहणं, लॉट नंबर न पाहणं

एलीची टेनेक्स असो की लॅपुआची एखादी गोळी, एका लॉटवर जीव टाकणारं बॅरल त्याच नावाच्या दुसऱ्या लॉटवर रुसतं. एसके स्टँडर्ड प्लसचा जमलेला लॉट न जमलेल्या महाग लॉटला मागे टाकू शकतो. लॉट नंबर न लिहिलेलं टार्गेट फेकून द्या.

महाग गोळीत पैसे कशाचे जातात हेच न कळणं

मुख्यतः वेगातल्या सारखेपणाचे. साधारण ३३० मीटर प्रतिसेकंद वेगाची गोळी ५० मीटर जायला ०.१६ सेकंद घेते आणि तेवढ्यात १२-१३ सेंमी खाली येते. दोन गोळ्यांच्या वेगात १० मीटरचा फरक असेल तर टार्गेटवर ७-८ मिमी वर-खाली. म्हणून ग्रूपचा आकार पाहा: उभा लांबलेला असेल तर आधी संशय गोळीवर, आडवा असेल तर वाऱ्यावर. सेकंदाला एक मीटरचा आडवा वारासुद्धा जवळपास ८ मिमी ढकलतो. हाय व्हेलॉसिटी (जास्त वेगाची) गोळी वाऱ्यात उलट जास्तच वाहते. ‘जोरात जाते म्हणजे सरळ जाते’ हा समज सोडा.

बाकीच्या चुका किरकोळ. स्टॉकचे (रायफलच्या दस्त्याचे) स्क्रू ढिले ठेवून तुलना करू नका; टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) कंपनीने दिलेल्या आकड्यावर आवळा. पुढे-मागे वाळूची पिशवी हवीच, स्लिंगवरची (हाताला पट्टा बांधून केलेली) तुलना ही तुमची परीक्षा असते. डबा उन्हात मॅटवर ठेवू नका, मेण वितळतं. सुट्या भरलेल्या स्वस्त गोळ्यांत चेपलेलं शिसं दिसलं तर ती बाजूला काढा. गोळी फुटली नाही तर मझल टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा.

नवशिक्यांनी मधल्या दर्जाची गोळी घ्यावी, दोन-तीन लॉट ताडावेत आणि जमलेल्याच्या, परवान्यावर बसतील तितक्या, एकदम घ्याव्यात. शेवटच्या दोनशे राहिल्या की थांबायचं: पुढचा लॉट त्यांच्याशीच ताडायचा असतो.