गारगोट्या शोधायला निघताय? आधी रद्दी भरा

रद्दी. पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण घरातली जुनी वर्तमानपत्रं रद्दीवाल्याला देऊ नका, गाडीत टाका. मागच्या वेळी नाशिककडच्या एका खाणीवरून आम्ही स्कोलेसाइट या खनिजाचे सुंदर तुकडे आणले. पांढऱ्या, केसाइतक्या बारीक सुयांचे झुपके. हातोडा होता, दोरी होती, थर्मास होता, बॅडमिंटनसुद्धा होतं. गुंडाळायला कागद मात्र एकही नव्हता. मग भाजीच्या पिशव्यांत भरले, डिकीत ठेवले, शेजारी पाण्याचा कॅन. संगमनेरपर्यंत जे काही स्पीडब्रेकर लागले ते लागले. घरी पिशवी उघडली तर काळा दगड वेगळा आणि तळाशी पांढरा चुरा वेगळा. धाकटीनं तो चुरा चिमटीत धरून विचारलं, "आई, हे परत चिकटतं का?"

आता जायचं कुठे. हिऱ्या-माणकांची स्वप्नं बघत असाल तर आधीच सांगते, आपल्याकडे ते नाही. आपल्याकडे आहे तो काळा बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिरपलेल्या गरम पाण्यातून खनिजं साठली. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अ‍ॅपोफिलाइट, कॅल्साइट, कॅल्सेडनी, कधी जांभळा अ‍ॅमेथिस्ट. नाशिक, पुणे, जळगाव, अहिल्यानगर, संभाजीनगर या पट्ट्यात विहीर खणली किंवा रस्त्यासाठी डोंगर कापला तरी ती निघतात. वाघोलीच्या खाणींतलं निळं कॅव्हनसाइट जगभरच्या संग्रहालयांत आहे. ते आपल्याला सापडणार नाही, हे मुलांना घरीच सांगा, म्हणजे खाणीवर रडारड होत नाही.

पहिल्यांदा जात असाल तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय आधी बघा. ही पायरी गाळू नका. खनिज काचेमागे नीट पाहिलेलं असलं तरच मातीत माखलेलं ओळखू येतं, नाहीतर मुलं फुटक्या बाटलीच्या काचा गोळा करत बसतात.

परवानगी. खाण कुणाच्या तरी मालकीची किंवा भाडेपट्ट्यावरची असते, गेट उघडं दिसलं म्हणजे आत जायची मुभा नव्हे. आदल्या दिवशी मालकाला किंवा मुकादमाला फोन करा, किती जण, किती वाजता, मुलं किती वयाची, सगळं सांगा. सुरुंग कधी उडवणार ते विचारा आणि त्या दिवशी सुरुंग असेल तर जाऊच नका. "लांब उभे राहू" वगैरे नको. कामाच्या दिवशी डंपर मागे घेताना चालकाला मूल दिसत नाही, म्हणून सुट्टीचा दिवस मागून घ्या. गड-किल्ले, लेण्यांचा परिसर, राखीव जंगल, लोणारचं विवर इथून खडासुद्धा उचलायचा नाही. "एवढासा तर आहे" म्हणणारे काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतात, त्यांना गाडीत बसवून ठेवा.

पावसाळ्यात नको. खाणीत पाणी साचतं, तळ दिसत नाही, कडा सुटतात. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्यात काळा दगड असा तापतो की हात लावता येत नाही.

हत्यारं. गवंड्याचा हातोडा, छिन्नी, एक छोटी पहार. सुताराचा हातोडा आणू नका, छिन्नीवर मारला की त्याचा टवका उडू शकतो. हातोड्यावर हातोडा तर कधीच मारायचा नाही. आणि गॉगल, म्हणजे उन्हाचा नव्हे, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो बाजूनं बंद असलेला. दगड फोडणाऱ्यालाच नाही, शेजारी वाकून बघणाऱ्यालाही हवा, कारण चीप नेमकी बघणाऱ्याच्या डोळ्यात जाते. हेल्मेट नसेल तर बाइकचं घाला, कुणी हसलं तर हसू दे. हातमोजे, बंद बूट, पाणी, टोपी, मलमपट्टी हे सांगायला नको.

रद्दी भरलीत का? महिनाभराची हवी, चार पानं नव्हे. शिवाय टॉयलेट पेपरचे रोल, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, बुटांचे रिकामे खोके.

खाणीत उभ्या कड्याखाली कुणीही जायचं नाही. वर सैल दगड असतो आणि तो हाक मारून पडत नाही. मुलांनी फक्त खाली पसरलेल्या राडारोड्यात शोधायचं, तेवढ्यातही भरपूर मिळतं. दगड उलटवताना बोटं खाली घालू नका. पहारीनं किंवा काठीनं पलीकडची कड आधी उचलून आपल्याकडे कलवा, म्हणजे खाली विंचू किंवा फुरसं असेल तर त्याला पलीकडे जायला वाट राहते. मोठ्या मुलांना हे करून दाखवा, लहानांना उलटवूच देऊ नका.

पोकळी दिसली की मुलं थेट स्फटिकावर छिन्नी लावतात. नको. स्फटिकापासून वीतभर लांब, दगडावर मारा, दोन-तीन बाजूंनी हलके घाव घाला. निघत नसेल तर सोडून द्या. मुकादमाला "मामा, एवढं काढून द्याल का?" विचारलं तर तो एका घावात काढतो, त्याला दगडाची नस माहीत असते. चहाला पैसे द्या. मजूर तुकडे विकायला आणतात, तेही घ्यायला हरकत नाही. पण रस्त्यावरच्या टपऱ्यांत गर्द निळं किंवा राणी रंगाचं काही दिसलं तर तो बहुतेक वेळा वरून दिलेला रंग असतो.

ओकेनाइट मिळालं तर नशीब. पोकळीत पांढरे गोळे, अगदी कापसाच्या बोळ्यांसारखे. बोट लावायचं नाही. मुलांचा हात आपोआप जातोच, म्हणून आधीच बजावा. एकदा तंतू दबले की पुन्हा उभे राहत नाहीत. याला कागदसुद्धा वरून टेकू द्यायचा नाही, खोक्यात दगडाची बाजू खाली ठेवून कडांना चुरगळलेली रद्दी ठासा, वर मोकळी जागा ठेवा. बाकीच्यांना आधी टॉयलेट पेपर, मग वर्तमानपत्र, मग ट्रे. खोका कानाशी धरून हलवा, आत आवाज आला तर अजून रद्दी. हे काम खाणीवरच करायचं, "गाडीत बसल्यावर गुंडाळू" असं नाही. गाडीत बसल्यावर सगळे झोपतात.

प्रत्येक पुडीत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी टाका: गाव, खाण, तारीख. पेननं नको, ओल लागली की शाई पसरते. कुठून आणलं हे माहीत नसलेला तुकडा अभ्यासाला निरुपयोगी.

ओळखायचं घरी. पॉकेट नाइफनं ओरखडा उठला तर अ‍ॅपोफिलाइट किंवा स्टिल्बाइट असू शकतं, क्वार्ट्झवर, म्हणजे गारेवर, उठत नाही. कॅल्साइटचा चुरा करून व्हिनेगर टाकलं की फसफसतं. चांगल्या तुकड्यावर नाही, मोडक्यावर करा.

धुणं: साधं पाणी, मऊ ब्रश, बस. संडास धुवायचं अ‍ॅसिड कोणी सुचवलं तर ऐकू नका, कॅल्साइट विरघळेल आणि झिओलाइट गटातली खनिजंही (स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट) खराब होतील. ओकेनाइटला पाणीही नको. अ‍ॅमेथिस्ट उन्हात ठेवू नका, फिका पडतो. लॉमॉन्टाइट हे खनिज असेल तर कोरड्या हवेत आपोआप भुगा होतो, त्यावर वेळ घालवू नका.

जेवण बरोबर न्या. परतताना गेट लावा, कचरा उचला. पोहोचल्यावर मुकादमाला फोन करा, पुढच्या वेळी परवानगी मागायला सोपं जातं.