कोरी आधार झेरॉक्स आणि उघडं राहिलेलं व्हॉट्सॲप: बाहेर पडताना या चुका टाळा

कराडच्या एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. बारा वर्षं झाली. "ताई, गाडी लागलीय, पटकन करा" हे वाक्य ऐकल्याशिवाय माझा एक दिवस जात नाही. त्या घाईत माणसं आधार, पॅन, पासबुक, दवाखान्याचे रिपोर्ट माझ्याकडे टाकून निघून जातात आणि मागे वळूनही बघत नाहीत. शंभराची नोट सुटी करून दिली तर तीच माणसं दोनदा मोजून घेतात. रोज तेच बघून जीव तुटतो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

मागेल त्याला आधार, तेही कोरं

कोरं म्हणजे कशासाठी दिलं ते वर न लिहिता दिलेलं. ही चूक आमच्या घरातच झाली, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहिणार आहे.

2021 च्या दिवाळीत आम्ही आठ मोठी माणसं दोन गाड्या करून कुंभार्ली घाट उतरून गुहागरकडे निघालो. राहायला समुद्राजवळचं एक घरगुती ठिकाण ठरवलं होतं. तिथल्या माणसाने आदल्या आठवड्यातच सांगितलं, सगळ्यांचे आधार व्हॉट्सॲपवर टाका. धाकटे भाऊजी रात्री जेवण झाल्यावर सोफ्यावर बसले आणि आठ कार्डांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून पाठवून मोकळे झाले. मी म्हटलं, "भाऊजी, लायसन्स चालतंय का विचारा की आधी." ते म्हणाले, "वहिनी, सगळेच देतात, काय होतंय त्याला?"

तिथे पोचल्यावर पुन्हा झेरॉक्स मागितल्या. त्याही दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा हिशेब करायला गेले, तर पोऱ्याने तो एका कागदाच्या पाठीमागे लिहिला होता. चार चहा, दोन कॉफी, एक पोहे. मी कागद उलटला. ती एका आजींच्या आधारची झेरॉक्स होती. पत्ता सोलापूर जिल्ह्यातला, डोक्यावर पदर, नंबर पुरा बारा आकडी. खालच्या उघड्या खणात तसला गठ्ठाच पडला होता. माझ्या पोटात गोळा आला. मालकाला बोलले तर म्हणाला, रद्दीच आहे ती, सीझन संपला की देतो.

पुढे 2023 च्या पावसाळ्यात धाकट्या जाऊबाईंना पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. त्यांच्या नावावरच्या एका मोबाइल नंबरवरून कुणाला तरी फसवलं गेलं होतं. तो नंबर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. बिचारी दोन दिवस धड जेवली नाही. त्याच वर्षी मे महिन्यात सरकारचं संचार साथी पोर्टल सुरू झालं होतं. आपल्या नावावर किती सिम आहेत ते त्यात दिसतं. मी दुकानात बसून त्यांच्या फोनवरून पाहिलं: चार नंबर, त्यातले दोन त्यांचे. सिमचा फॉर्म बघायला मिळाला तेव्हा फोटो आधारवरचाच होता आणि खाली सही इंग्रजीत. आमच्या जाऊबाई बँकेतसुद्धा मराठीतच सही करतात. त्या सहीमुळेच जबाब देताना सुटका झाली.

आता खरी गोष्ट. ती झेरॉक्स गुहागरातून गेली असं मी म्हणत नाही, कारण ते कधीच कळलं नाही. मागच्या दोन-तीन वर्षांत आधार कुठेकुठे दिलं ते आम्ही आठवून वहीत लिहिलं: राहण्याचं ठिकाण, गॅस, मोबाइलचं दुकान, मुलाची शाळा, भिशी, हप्त्यावरचा फ्रिज. अकरा ठिकाणं निघाली. अकराही कागद अगदी सारखे, कोरे. कुणाला विचारणार आणि काय सिद्ध करणार?

म्हणून माझी सवय सांगते. झेरॉक्स हातात आली की आधी पेन काढायचं. फोटो आणि नंबरच्या मधून जाईल अशा दोन तिरक्या रेघा, आणि त्यांच्यामध्ये लिहायचं: फक्त अमुक लॉजवर राहण्यासाठी, तारीख, सही. अक्षरं छापील मजकुरावर आली पाहिजेत. कोपऱ्यात लिहिलं तर कोपरा झाकून दुसरी झेरॉक्स निघते, हे मी धंद्यातली बाई म्हणून सांगते. असा कागद दुसऱ्या कामाला लावणं अवघड जातं, आणि लावलाच तर तो कुठून सुटला हे त्या कागदावरच लिहिलेलं असतं.

त्याहून चांगलं म्हणजे मास्क्ड आधार. आधारच्या अधिकृत साइटवरून डाउनलोड करताना तसा पर्याय येतो. पहिले आठ आकडे झाकले जातात, शेवटचे चार दिसतात. मात्र त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल. ज्याला तुमचं नाव आणि साल माहीत आहे, त्याला ते कुलूप उघडंच आहे. त्यामुळे 'पासवर्ड आहे ना' म्हणून साधं, पूर्ण नंबरचं आधार बिनधास्त पाठवू नका.

लॉजवाल्याला पाहुण्याची ओळख नोंदवावी लागते हे खरं. पण त्यासाठी आधारच हवं असं नाही. ड्रायव्हिंग लायसन्स चालतं, मतदार ओळखपत्र चालतं. मी प्रवासात लायसन्सच पुढे करते. शंभरातल्या नव्वद ठिकाणी काउंटरवरचा मुलगा काहीही न बोलता ते घेतो.

मे 2022 मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने सूचना काढली होती की कुणालाही आधारची झेरॉक्स देऊ नका, मास्क्ड आधार वापरा. दोनच दिवसांत सरकारने ती मागे घेतली, लोकांचा गैरसमज होईल म्हणून. माझ्या मते ती सूचना बरोबर होती आणि तशीच राहायला हवी होती.

सिम घेताना दोनदा अंगठा

कागदी झेरॉक्सवर सिम द्यायची पद्धत 1 जानेवारी 2024 पासून बंद झाली. चांगलं झालं. पण लबाडी आता अंगठ्यावर आली. "काका, पहिला अंगठा उमटला नाही, परत एकदा लावा" म्हणायचं आणि दुसऱ्या अंगठ्यावर दुसरं सिम काढून ठेवायचं. जत्रेत, बाजाराच्या दिवशी छत्री लावून फुकट सिम वाटणाऱ्यांकडे हे जास्त चालतं. दुसऱ्यांदा अंगठा मागितला तर आधी स्क्रीन आपल्याकडे फिरवायला सांगा, पहिल्या वेळचं काय झालं ते वाचा. घरी आल्यावर संचार साथीवर आपली यादी बघा. अनोळखी नंबर दिसला तर 'हा माझा नंबर नाही' असं तिथेच कळवता येतं.

अंगठ्यावर बँकेतून पैसेही निघतात. वारंवार वापर नसेल तर आधारच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. रेशनला किंवा सिमला लागलं की तेवढ्यापुरतं उघडायचं. माझं स्वतःचं कायम लॉकच असतं. सासूबाईंचं मात्र केलेलं नाही, कारण त्यांना दर महिन्याला रेशन दुकानात अंगठा द्यायला लागतो आणि ऐनवेळी खोळंबा होतो.

दुकानाच्या संगणकावर व्हॉट्सॲप उघडं टाकून जाणं

ही माझी दुसरी दुखरी नस. बऱ्याच दुकानांत गिऱ्हाईक स्वतःच संगणकावर बसतं, व्हॉट्सॲप वेब उघडतं, फोनने कोड स्कॅन करतं, प्रिंट काढतं, पैसे देतं आणि गाडी पकडायला पळतं. व्हॉट्सॲप तसंच चालू. पुढच्या माणसाने तोच टॅब उघडला की तुमच्या घरातलं सगळं त्याच्यासमोर.

मागच्या वर्षी एक कॉलेजची मुलगी हॉल तिकीट काढून गेली. अर्ध्या तासाने दुसऱ्या मुलाने माऊसला हात लावला आणि स्क्रीनवर तिच्या आईचा मेसेज आला, वडिलांच्या ऑपरेशनच्या पैशांबद्दल. त्या मुलाने मान फिरवली आणि मला हाक मारली. भल्या घरचा मुलगा. मी लॉगआउट केलं. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याच खिडकीतून सगळ्या नातेवाइकांना 'अर्जंट पैसे पाठवा' गेलं असतं आणि ते मुलीच्याच नंबरवरून गेलं असतं.

फोन खिशात घेऊन तुम्ही घरी गेलात म्हणून ते बंद होत नाही. फोनमध्ये व्हॉट्सॲपच्या तीन ठिपक्यांत 'लिंक्ड डिव्हायसेस' आहे. तिथे प्रत्येक जोडलेला संगणक दिसतो आणि बोटाने लॉगआउट करता येतो, अगदी घरी बसूनसुद्धा. हे वाचताय त्या फोनवरच आत्ता उघडून बघा. दुकानात मी ज्यांना ज्यांना दाखवलं, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या यादीत त्यांना न आठवणारा एक तरी संगणक निघाला.

कुणी म्हणेल, मग दुकानाच्या नंबरवर फाइल पाठवतो. तेही बिनधोक नाही. माझ्या दुकानाच्या फोनवर एका सकाळी वरून खाली सरकवलं तर असं दिसलं: एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं आधार दोन्ही बाजूंनी, त्याखाली एका मुलीचा लग्नाचा बायोडाटा, त्याखाली एका बाईंचा सोनोग्राफीचा रिपोर्ट, त्याखाली कोऱ्या चेकचा फोटो. ही सगळी माणसं मला नावाने ओळखतही नाहीत. मी रोज शटर ओढायच्या आधी चॅट, डाउनलोडचं फोल्डर आणि रिसायकल बिन रिकामं करते. पण हे मी करते. बाकीचे करतात का, याची खात्री मला देता येणार नाही. तेव्हा गिऱ्हाइकाने समोर उभं राहून म्हणावं, "ताई, माझी फाइल डिलीट करा, मी बघतो." यात लाजण्यासारखं काही नाही. मला तर असं म्हणणाऱ्याचा आदर वाटतो. आणि घरी प्रिंटर नसेल तर पेन ड्राइव्हवर फक्त लागणारी फाइल आणा, आख्खा संसार नको.

'आम्हाला काय लपवायचंय?'

ही चूक बोलण्यातली आहे, पण बाकीच्या सगळ्या चुका तिच्यातूनच येतात. न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी निवृत्त होऊन घरी बसलेले, वय 86, तेव्हा 2012 मध्ये आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांनाही लपवायचं काही नव्हतं. 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. दाराला कडी लावतो ती चोरी लपवायला लावतो का आपण? घर आपलं आहे म्हणून लावतो.

दुकानात बिलासाठी मोबाइल नंबर

देऊ नका. मे 2023 मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना सांगितलं आहे की नंबरसाठी अडवणूक करू नका. मी "नंबर नाही देत, बिल कागदावर द्या" एवढंच म्हणते आणि गप्प उभी राहते. मागे रांग वाढली की बिल निघतं.

विमानतळावर चेहरा देणं भाग आहे असं समजणं

पुणे, मुंबई दोन्हीकडे डिजीयात्रा, म्हणजे चेहरा ओळखून आत सोडायची सोय, आहे. ती ऐच्छिक आहे. तिकीट आणि ओळखपत्र दाखवून जायची नेहमीची रांग असते. दारात कुणी फोन मागून 'रजिस्टर करून देतो' म्हणालं तर 'नको' म्हणायचं आणि पुढे चालायचं. दहा मिनिटं वाचवायला आपला चेहरा देणाऱ्यांची घाई मला खरंच कळत नाही.

क्यूआर स्कॅन करून पैसे 'घेणं'

पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल

पत्रिका फोटोत येते, नाहीतर पीडीएफमध्ये. एपीके म्हणजे ॲप. ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडायची नाही, कारण त्याचाही फोन भामट्यांच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

गावाला गेल्याचं स्टेटस

घराला कुलूप आहे हे गावभर सांगायचं कशाला? फोटो परत आल्यावर टाका. आणि एक बारीक गोष्ट: व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर त्यातली जागेची माहिती निघून जाते, पण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर काढल्याचं ठिकाण आतमध्ये राहू शकतं. मुलांचे फोटो चांगल्या क्वालिटीत हवेत म्हणून डॉक्युमेंट करून मोठ्या ग्रुपवर टाकणाऱ्यांनी कॅमेऱ्याचं लोकेशन आधी बंद करावं.

फोन हरवल्यावर आधी काय करायचं ते माहीत नसणं

सहलीला निघायच्या आदल्या रात्री मी प्रत्येकाच्या फोनवर *#06# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या हँडसेटचा स्वतःचा ओळख नंबर, वहीत लिहिते आणि वही घरी कपाटात ठेवते. फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवणारे लोक बघितले आहेत. फोनच गेल्यावर तो स्क्रीनशॉट कुठे बघणार? फोन हरवला की पहिल्यांदा सिम बंद करा आणि बँकेला कळवून यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, दुसऱ्याच्या मोबाइलवरून का होईना. पैसे पुढच्या खात्यातून काढले जायच्या आत कळवलं तरच ते अडवता येतात. मग पोलिसांत तक्रार, आणि त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम. संचार साथीवर हँडसेट ब्लॉक करायचा तर तक्रारीची प्रत लागते आणि ओटीपी त्या नव्या सिमवर येतो. ते सिम न घेताच लोक माझ्याकडे येतात, आणि मग पुन्हा एक हेलपाटा.