गाडी उडवून पळाली तर: आधी केसपेपर वाचा

कडेला व्हा, ११२ लावा, १०८ बोलवा, हे काय सांगायचं. नंबर अख्खा दिसला नसेल तर जेवढा दिसला तेवढा, एमएच २३ की २४, पिकअप की टेम्पो, हौद्यावर मागं काय लिहिलं होतं, सगळं तिथंच मोबाइलमध्ये बोलून ठेवा. दवाखान्यात पोचेपर्यंत सातचा नऊ होतो. इंडिकेटरचे तुकडे पायानं सारू नका. फोटो काढा, पंचनाम्यात घ्यायला लावा.

आता खरं काम. डॉक्टर विचारतील, कसं लागलं? सांगायचं, ‘अज्ञात वाहनानं धडक दिली, वाहन पळून गेलं.’ आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची दवाखान्यातली नोंद, करायला लावायची. गेवराईच्या पुढं आमच्या चुलत्यांना पिकअपनं उडवलं, मांडीचं हाड मोडलं. पोलिसांचं लचांड नको म्हणून मी शहाणा बोलून गेलो, ‘गाडीवरून पडले.’ निळ्या शाईत, इंग्रजीत, तेच उतरलं. आठ दिवसांनी ठाण्यात गेलो तर साहेबांनी कागद माझ्यापुढं सरकवला: ‘यात धडक कुठंय?’ काय सांगणार? म्हणून केसपेपर हातात घेऊन वाचा. अक्षर लागत नसेल तर सिस्टरकडून वाचून घ्या. चुकलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

एफआयआर कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण ऐकू नका. प्रत फुकट मिळते, मागून घ्या. घेतच नसतील तर एसपींना लेखी पाठवा, तिथंही नाही झालं तर कोर्ट. ढाब्याचं, पंपाचं सीसीटीव्ही आपोआप पुसलं जातं. पोलिसांना त्याच दिवशी मागायला सांगा. सरकारी यादीतल्या दवाखान्यात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा कॅशलेस उपचार आहे, पण पोलिसांनी रस्ता अपघात म्हणून खात्री द्यावी लागते. परत केसपेपर!

चालवणारे तुम्हीच असाल तर थांबा, जखमीला दवाखान्यात पोचवा. जमाव अंगावर येत असेल तर थेट ठाणं गाठा. कळवायला कायद्यानं २४ तास आहेत, पण तेवढं थांबायचं कशाला? पळालात तर मूळ गुन्ह्याशिवाय न थांबल्याचा वेगळा.

वाहन सापडलंच नाही तर केंद्राच्या योजनेतून गंभीर दुखापतीला ५० हजार, मृत्यूला २ लाख. हाड मोडलं की गंभीरच. अर्ज आपल्या गावच्या तहसिलात नाही, अपघात झाला त्या तालुक्याच्या एसडीओ (प्रांत) किंवा तहसीलदाराकडे. फॉर्म, पासबुक, ओळखपत्र, बिलं, एफआयआर. वाहन सापडलं तर भरपाईसाठी अपघात दावा न्यायाधिकरण. कायद्यात मुदत सहा महिने, वकील आधीच बघा. योजनेतून आधी घेतलेले पैसे त्या भरपाईतून वळते होतात.

झेरॉक्स दोन-दोन. केसपेपरच्या तीन, आणि काढायच्या आधी वाचून.