नियमाचा आर्थिक परिणाम कसा जोखावा

एखाद्या नियमामुळे स्पर्धाक्षमता वाढते की खुंटते, हे तपासताना नियमांची संख्या मोजण्यापासून सुरुवात करू नये. तो नियम कोणत्या दोषावरचा उपाय आहे, हे आधी एका वाक्यात लिहून काढावे. प्रदूषण, ग्राहकापासून दडवलेली माहिती, मक्तेदारी किंवा असाच एखादा ठोस दोष त्या वाक्यात सापडत नसेल, तर नियमाकडे संशयाने पाहण्यास हरकत नाही.

मग अनुपालनाचा, म्हणजे नियम पाळण्याचा, खर्च काढावा. नेदरलँड्समध्ये रूढ झालेल्या पद्धतीत एका कामाला लागणारा वेळ, त्या वेळेचे मोल, वर्षातील वारंवारता आणि उद्योगांची संख्या यांचा गुणाकार करतात. हा आकडा केवळ कागदोपत्री ओझे दाखवतो. हुकलेली गुंतवणूक त्यात दिसत नाही.

एकूण खर्चापेक्षा त्याची वाटणी अधिक बोलकी असते. अहवाल भरण्यासाठी नेमलेला एक कर्मचारी पाच हजार कामगारांच्या कंपनीला जाणवतही नाही, पण वीस जणांच्या कारखान्याचा नफा तो गिळू शकतो. म्हणूनच स्थिर खर्च आणि उलाढालीनुसार बदलणारा खर्च वेगळे मांडावेत. सवलतीच्या मर्यादाही बारकाईने पाहाव्यात. फ्रान्समध्ये ५० कामगारांचा टप्पा गाठताच अनेक जबाबदाऱ्या एकदम लागू होत असल्यामुळे ४९ वरच थांबलेल्या उद्योगांची गर्दी आकडेवारीत स्पष्ट दिसत असे. लहानांच्या सोयीसाठी आखलेली रेषा त्यांना लहानच ठेवत होती.

यापुढे नव्या स्पर्धकासाठी दार उघडे आहे का, ते पाहावे. अमेरिकेत विमानमार्ग आणि भाडी सरकारी मंडळ ठरवत असे. १९७८ च्या कायद्याने ते नियंत्रण उठण्याची सोय झाली आणि पुढे महागाई वजा जाता सरासरी भाडी उतरली. सुरक्षिततेचे नियम मात्र कायम राहिले. ‘नियमन हटवले’ या सरसकट वाक्यात हा फरक हरवतो, आणि माझ्या मते बहुतेक वाद तिथेच भरकटतात.

नियम साध्य ठरवतो की साधन, हेही नोंदवावे. अमेरिकेच्या १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातील दुरुस्तीने वीजकेंद्रांच्या गंधक डायऑक्साइडवर एकूण मर्यादा घातली, मात्र उत्सर्जन कसे घटवायचे हे कंपन्यांवर सोडले आणि उत्सर्जनाच्या परवान्यांची आपसांत खरेदी-विक्री करण्यास मुभा दिली; त्यामुळे घट अपेक्षेपेक्षा स्वस्तात साधली.

देशांच्या क्रमवारीवर निष्कर्ष बेतू नये. जागतिक बँकेने व्यवसायसुलभतेचा आपला अहवाल आकडेवारीतील गैरप्रकारांनंतर २०२१ मध्ये बंदच केला.

शेवटी फेरआढाव्याची तारीख नियमातच लिहिली आहे का, आणि त्यासाठीची माहिती पहिल्या दिवसापासून गोळा होते का, हे पाहावे. आधीची स्थिती नोंदवलेली नसेल, तर नंतरची तुलना कशाशी करणार?