मोठा माल कुरियरने पाठवताय? आधी खोका मोजा, मग भाव सांगा

पुस्तकांचं एक कपाट, वजन १८ किलो. मी ते काट्यावर तोललं, कुरियरच्या तक्त्यात १८ किलोचा दर पाहिला आणि गिऱ्हाईकाला तोच सांगून मोकळा झालो. बिल आलं ७२ किलोचं. चूक कुरियरवाल्याची नव्हती. गाडीत वजनाची मर्यादा येण्याआधी जागा संपते, म्हणून तो जागेचे पैसे घेतो. मी मात्र वजनाचा हिशोब धरून बसलो होतो.

तेव्हा पहिलं काम मोजायची टेप हातात घ्यायचं. वस्तू नाही, पॅकिंग पूर्ण झालेला खोका मोजा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, तिघांचा गुणाकार करा आणि ५००० ने भागा. हे झालं आकारमानी वजन. काट्यावरचं वजन आणि हे वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे लागतात. माझा खोका १२० × ६० × ५० होता, म्हणजे ३,६०,००० भागिले ५०००, बरोबर ७२. भाजक मात्र सगळीकडे सारखा नसतो. आंतरराष्ट्रीय एक्सप्रेस कुरियरमध्ये ५००० रूढ आहे, विमानाच्या कार्गोला सहसा ६०००, आणि रस्त्याने जाणाऱ्या मालाला काही ठिकाणी १ घनमीटर म्हणजे ३३३ किलो धरतात. त्या हिशोबाने माझं कपाट १२० किलोचं झालं असतं! म्हणून दर विचारण्याआधी भाजक विचारा.

खोका फुगला तरी पैसे वाढतात. कुरियरच्या गोदामात मोजणी बहुतेक वेळा यंत्राने होते आणि यंत्र सगळ्यात बाहेर आलेला भाग धरतं. तोच खोका तिन्ही बाजूंनी ३-३ सेंटिमीटर फुगला की १२३ × ६३ × ५३ होतो, आणि ७२ चे ८२ किलो होतात. आत कोंबलेला जास्तीचा बबल रॅप असा महागात पडतो. चिकटटेप लावून झाल्यावर पुन्हा मोजा, आणि खोक्याशेजारी मोजायची टेप ठेवून फोटो काढून ठेवा. मापावरून वाद झाला तर दाखवायला तेवढंच असतं.

खरी बचत मात्र वस्तूच्या रचनेत आहे. मी कपाट सुटं करून, फळ्या एकावर एक ठेवून पाठवायला लागलो. नवा खोका १२० × ६० × १५, आकारमानी वजन २१.६ किलो. सोबत स्क्रूची पिशवी आणि जोडणीचा कागद. दर घासाघीस करून एवढा कधीच उतरला नसता.

आता वाहन. खोका लांबुडका असेल तर आणखी एक माप लागतं: सगळ्यात लांब बाजू, अधिक उरलेल्या दोन बाजूंच्या बेरजेची दुप्पट. माझ्या जुन्या खोक्याचं हे माप ३४० सेंटिमीटर होतं. कंपनीची मर्यादा ओलांडली की मोठा अधिभार लागतो किंवा माल घेतच नाहीत. फार जड नगही पार्सलवाले नाकारतात. तसं झालं तर पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या सपाट चौकटीवर बांधून पार्टलोडने, म्हणजे इतरांच्या मालासोबत ट्रकमधली थोडी जागा घेऊन पाठवा. १२०० × ८०० आणि १२०० × १००० मिलिमीटर ही पॅलेटची नेहमीची मापं, आणि माल कडेबाहेर येता कामा नये. काचेचं, संगमरवरी किंवा विचित्र आकाराचं काही जवळपासच जायचं असेल, तर मी सरळ टेम्पो करतो. पार्सलच्या जाळ्यात नग प्रत्येक गोदामात उचलला-टाकला जातो. टेम्पोत तो एकदा चढतो आणि एकदाच उतरतो.

ऑर्डर पक्की करण्याआधी गिऱ्हाईकाला विचारायचं: मजला कितवा? लिफ्ट आहे का, आणि तिच्या दाराची रुंदी किती? जिन्यात वळण आहे का? गाडी दारापर्यंत येते का? उतरवून घ्यायला माणूस आहे का? ‘डिलिव्हरी’ म्हणजे कुरियरवाल्याच्या लेखी बहुधा फाटकापर्यंत, आणि गिऱ्हाईकाच्या लेखी थेट बेडरूमपर्यंत. भांडणं तिथेच होतात. वर चढवण्याची हमाली वेगळी लिहा.

दर मागवताना कुरियरला बंद खोक्याचं माप, वजन, दोन्हीकडचे पत्ते आणि मालाची किंमत द्या, आणि अधिभार एकेक करून विचारा: इंधनाचा, लांब खोक्याचा, आडगावच्या पत्त्याचा, दुसऱ्या फेरीचा, माल परत आणण्याचा. नुसता मूळ दर काही कामाचा नाही.

मग आपला भाव. समजा शंभर ऑर्डरींपैकी ७० जवळच्या, खर्च १०० रुपये प्रत्येकी. २० मधल्या अंतराच्या, १६० प्रत्येकी. १० लांबच्या, ३०० प्रत्येकी. सरासरी १३२. खोका, टेप आणि पॅकिंग करणाऱ्याचा वेळ मिळून १८, झाले १५०. शंभरात दोन नग फुटतात असं धरा. वस्तू पुन्हा बनवायला १००० आणि पुन्हा पाठवायला १५० लागतात, म्हणजे दर फुटीमागे ११५०, प्रत्येक ऑर्डरवर २३. झाले १७३. पैसे ऑनलाइन घेताना २ टक्के कापले जात असतील तर १७३ ला ०.९८ ने भागा: १७७. तक्त्यात १०० दिसणारी डिलिव्हरी तुम्हाला एवढ्याला पडते, कर वेगळा.

सगळ्यांना हाच एक दर लावायचा का? माझं मत, मोठ्या मालाला नको. जवळच्या माणसाला तो जास्त वाटतो आणि तो निघून जातो, लांबच्याला स्वस्त पडतो आणि तोच येत राहतो. मग सरासरीच बिघडते. तीन अंतरांचे तीन दर पुरतात. ‘मोफत डिलिव्हरी’ लहान वस्तूंना ठीक. मोठ्या मालात भाडं किमतीतच मिसळलं, तर स्वतः येऊन कपाट नेणाऱ्याकडूनही तुम्ही भाड्याचे पैसे घेता.

राहिला विमा. वाहतूकदाराची जबाबदारी बऱ्याचदा मालाच्या किमतीवर नाही, किलोवर ठरते. हलका पण महागडा माल फुटला तर भरपाई अगदीच तुटपुंजी मिळते, तेव्हा अशा मालाचा विमा वेगळा घ्या. आणि गिऱ्हाईकाला आधीच कळवा: खोका चेपलेला, ओला किंवा फाटलेला दिसला तर सही करण्याआधी पावतीवर नेमकं तेच लिहा, फोटो काढा आणि खोका फेकू नका. आत लपलेली मोडतोड कळवायची मुदत थोड्या दिवसांचीच असते. कपाट पंधरा दिवस व्हरांड्यात तसंच बांधलेलं पडून राहिलं, तर दावा कोणी ऐकून घेणार नाही.